आळ मांजरावर

संध्याकाळी तिच्या शिवणकामाच्या दुकानात वटवाघूळ शिरलं, तेव्हा तिने किंचाळत केरसुणी उचलली आणि दिला एक फटका! ते इवलंसं कापडाच्या गठ्ठ्यावर पडलं, पंख थरथरले... आणि तिने केरसुणी टाकून दिली. खोक्यात अस्तराचा तुकडा अंथरून ती जनावरांच्या दवाखान्यात धावली.

डॉक्टर तरुण होता. बोटं इतकी हलकी, की वटवाघूळसुद्धा शांत झालं.

"कसं झालं हे?"

"मांजराने..." ती पुटपुटली.

"आणि तुम्ही सोडवलंत! लोक तर दिसताक्षणी मारायलाच धावतात."

ती कानशिलांपर्यंत लाल झाली. त्याला वाटलं, लाजली!

पंख बरा झाला, वटवाघूळ उडून गेलं. तिचं दवाखान्यात येणं मात्र थांबलं नाही. मग डॉक्टरने वटवाघळांच्या उपचार केंद्राला देणग्या मिळवण्यासाठी पदयात्रा ठरवली. पाच दिवस, शंभर किलोमीटर.

"याल?" त्याने विचारलं. नाही म्हणायला तिला तोंड कुठे होतं?

"जिना चढताना धापा टाकतेस, ताई," धाकटी बहीण म्हणाली. "वटवाघळांसाठी चालणार, की डॉक्टरांसाठी?"

वाटेत तो तिच्या पावलाला पाऊल जुळवून चालायचा.

"वटवाघळं आवाजाच्या अंदाजाने वाट काढतात. मी तुमच्या गप्पांच्या."

"मग आज भिंतीवर आपटाल. मला काही सुचतच नाहीये."

"का बरं?"

ती हसून विषय बदलायची. कारण पुढचा मुक्काम आला, की तो लोकांना अभिमानाने सांगायचा — "या बाईंनी वटवाघळाला मांजराच्या तोंडातून सोडवलं!" टाळ्या पडायच्या. तिला मात्र प्रत्येक टाळी मुस्कटात बसल्यासारखी वाटायची.

चौथ्या दिवशी रिमझिम सुरू झाली. एका छत्रीत दोघं, दोघांचाही एकेक खांदा भिजलेला. तो अडखळत म्हणाला, "उद्या पोचलो की... तुम्हाला काही विचारायचंय."

काय, ते तिला कळलं. आनंदाने उडी मारावी, पण कशी? तो जिच्यावर भाळला होता, ती बाई मुळी जगात नव्हतीच!

शेवटच्या मुक्कामी वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. त्याने गोष्ट सुरू केली आणि ती उठून उभी राहिली.

"मांजर नव्हतंच," ती म्हणाली. "केरसुणीने मीच मारलं. भीती वाटली म्हणून. आणि मग लाज वाटली, म्हणून खोटं बोलले."

त्याच्याकडे न बघताच ती बाहेर पडली, पायऱ्यांवर बसली, आणि तिला रडू फुटलं.

बऱ्याच वेळाने तो आला.

"चार ठिकाणी मला खोटं बोलायला लावलंत."

"हो."

"राग आलाय मला."

"यायलाच हवा."

त्याने मागे सभागृहाकडे बघितलं. मग म्हणाला, "आत एक आजोबा उठले. म्हणाले, मीही आजवर मारतच आलो. मग आणखी चौघे उठले. मारायचं नाही, तर करायचं काय, म्हणून विचारत होते. दिवा मालवा, खिडकी उघडा, ते आपणहून जातं... एवढंच सांगायला मी इतकी वर्षं भाषणं करतोय. कुणी विचारलंच नव्हतं कधी."

"म्हणजे... राग गेला?"

"छे! एवढ्यात जातोय कसला." तो तिच्या खालच्या पायरीवर बसला. "पण रागावलो तरी इथेच बसणार आहे."

तिने डोळे पुसले. "आणि... विचारणार होतात ते?"

"ते आधी ठरवलेलं तसंच आहे. फक्त आता जरा जास्तच भीती वाटतेय." त्याने खिशातून मलमपट्टी काढली. "पाय दाखव बघू. किती फोड आलेत?"

'दाखवा'चं 'दाखव' झालं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं... दुरुस्त कुणीच केलं नाही.

तिने हळूच पाय पुढे केला.