डाव्या बाजूचं वजन

चौके गावाच्या नाक्यावर दत्तप्रसादचं गॅरेज आहे. गाडी दारात यायच्या आधीच तिचं दुखणं ओळखतो, असं लोक त्याच्याबद्दल बोलायचे आणि तोही ते ऐकून फुलायचा. कान तयार होता, यात शंका नाही. बाकीच्या माणसाचं पुढे सांगतो.

त्या दिवशी चारच्या सुमाराला संचिता जीप घेऊन आली. धामापूरच्या दाजींची एकुलती एक मुलगी. जीप पाहिली आणि दत्तप्रसादच्या हातातला चहा तोंडापर्यंत गेलाच नाही.

“दत्तूदादा, मागसून आवाज येता रे. घूं घूं असो. डाव्या चाकाकडसून.”

“टायराचो आसात.”

“तूच बघ. माका आता माझ्या कानांचो भरवसो नाय.”

त्याने जीप जॅकवर चढवली, चाक हाताने फिरवलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एक्सलला लावून मूठ कानाशी धरली. आत सगळं लोण्यासारखं मऊ फिरत होतं. फिरणारच; अपघातानंतर अख्खा एक्सल त्यानेच नवा बसवला होता.

“गाडी भरलेली आसता तेव्हा येता?”

“रिकामी आसता. माझ्याशिवाय कोण बसता आता तिच्यात?”

दत्तप्रसादने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. असा आवाज वजनाशिवाय येत नाही. मागे डावीकडे कोणी दणकट माणूस बसला, स्प्रिंगचे पाटे दबले, तरच येतो. दाजी तिथेच बसायचे. गाडी लेक चालवणार आणि आपण मागे डावीकडे, खिडकीत कोपर टेकून, चिमटीत तपकीर धरून, हा त्यांचा थाट.

“मी एक फेरी मारून येतंय,” तो म्हणाला. “तू हयच बस.”

तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर झाडी दाट आहे. ऊन असतं, पण खाली पोचत नाही. पहिल्या वळणापर्यंत काही नव्हतं. दुसऱ्या वळणावर तपकिरीचा वास आला. मग मागचा पाटा कुरकुरला, जीप डावीकडे झुकली आणि सुरू झालं... घूं... घूं... घूं...

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. आठ महिन्यांपूर्वी हाच ऐकून त्याने बेअरिंग गेल्याचं अचूक सांगितलं होतं. नवं कुडाळहून संध्याकाळी यायचं होतं, आणि त्याला आंगणेवाडीच्या जत्रेला जायची घाई. जुनंच धुऊन, ग्रीस भरून त्याने परत ठोकलं. जत्रेहून आल्यावर बदलू, एवढंच डोक्यात. आणि वर, गाडी ताब्यात देताना, नेहमीसारखं देवाला गाऱ्हाणं घातलं: “बा देवा म्हाराजा, बेरिंग नवीन घातलंय, लेकरांक सांभाळ रे म्हाराजा.” शेजारी हात जोडून उभे असलेले दाजी रिवाजाप्रमाणे मोठ्याने म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

म्हणजे माणसाला फसवलं, देवासमोर फसवलं आणि फसलेल्याकडूनच होकार घेतला. याच उतारावर डावं चाक निखळलं. दाजी गेले. कागदावर चालकाचा ताबा सुटल्याचं लिहिलं गेलं, आणि संचिता आठ महिने तेच खरं धरून बसली. दत्तप्रसादने तिला ते धरू दिलं. तेराव्याला तो तिच्या घरी पोटभर जेवूनसुद्धा आला होता.

आरशात बघायची त्याची छाती झाली नाही. त्याने तशीच गाडी वळवली.

संचिता बाकावरून उठली. “काय झाला? माझाच चलवणा चुकता मां? तेव्हासारख्या...”

टायर, एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर तयार होता. पण तिच्याकडे बघून त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की कोणी तोंडावर थुंकलं असतं तर बरं वाटलं असतं. तिच्याशी सरळ बोलणंही जमेना. त्याने जीपपुढे हात जोडले.

“बा देवा म्हाराजा... तेव्हा बेरिंग नवीन नव्हता. जुनाच घातलंय. मी खोटा बोललंय. चाक माझ्यामुळे गेला... ह्या पोरीचो काय एक दोष नाय. ह्या खरा, म्हाराजा.”

संचिताचे हात खालीच राहिले. गाऱ्हाण्याला होकार द्यायला तिथे दुसरं कोणी नव्हतं. नाक्यावरची एसटी निघून गेली, आवाज विरला. आणि मागच्या रिकाम्या सीटवरून, थकलेल्या गळ्यातून आलं,

“व्हय... म्हाराजा.”

तिनेही ते ऐकलं. डावीकडचा पाटा कुरकुरत वर आला, कोणी उतरल्यावर येतो तसा. जीपच्या बंद दाराकडे बघत संचिता बराच वेळ रडली. मग तिने त्याच्या हातातून किल्ली घेतली.

“आठ म्हयने, दत्तूदादा,” एवढंच म्हणाली.

जीप गेली. मागून कसलाही आवाज आला नाही.

दत्तप्रसादने शटर ओढलं आणि मोटरसायकल बाहेर काढली. किक मारायला पाय उचलला, तोच मागची सीट सावकाश खाली दबली. तपकिरीचा वास आला.

तेव्हापासून तो मोटरसायकल हाताने ढकलत घरी नेतो. पेट्रोल संपलं काय, म्हणून ओळखीचे हसतात. चढाला दम लागला की तो थांबतो आणि मागे न बघता हळूच म्हणतो, “दाजीनू... वायच उतरतास?” गाडी हलकी होत नाही.

एकदाच ती गॅरेजात ठेवून तो चालत घरी निघाला होता. पहिल्याच चढाला त्याचा डावा खांदा सावकाश खाली दबला. तसं त्याने पुन्हा केलं नाही.