फुगलेली बिजागरी

गंज लोखंड खातो, असं सगळे म्हणतात. मग गंजलेली बिजागरी झिजून बारीक व्हायला हवी होती. पण आजोबांच्या जुन्या फियाटच्या डाव्या दरवाजाची बिजागरी चांगली टम्म फुगली होती. इतकी, की तिच्यातली खीळ आतच आवळून बसली होती आणि दरवाजा तसूभरही हलत नव्हता.

"खाल्लं की कमी होतं ना, आजोबा? मग ही जाड कशी झाली?" अकरा वर्षांच्या आर्जवीने विचारलं.

गेल्या चार दिवसांत ती आपणहून बोलली, ती ही पहिलीच वेळ. आजोबांनी हातातला पाना हळूच खाली ठेवला.

साल होतं २०६८. जयसिंगपुरात आता सगळ्या गाड्या आपल्या आपण चालत. अंगणातली ही शहाण्णव वर्षांची गाडी मात्र स्टिअरिंग हातात धरल्याशिवाय हलणारी नव्हती. आर्जवीची आई, पद्मजा, उसाच्या मळ्यांमधल्या रस्त्यांवर हीच गाडी चालवायला शिकली होती. पुढे वीस वर्षं गाडी ताडपत्रीखाली पडून राहिली. आजोबा म्हणजे आईचे वडील, भूपाल शिरगुप्पे. ते धातुशास्त्रज्ञ होते. सहा महिन्यांपूर्वी आजोबा आणि नात कामाला लागले. वायरी बदलल्या, सीटची कव्हरं शिवून आणली, उसाच्या मळीपासून केलेल्या इथेनॉलवर इंजिन चालेल अशी सोय केली. बेत ठरला होता. चौदा महिने चंद्रावरच्या तळावर काम करणारी आई दिवाळीला परत येणार, आणि तिला आणायला ही गाडी जाणार.

पण चार दिवसांपूर्वी आईने कळवलं की, तळावरची ऑक्सिजन बनवणारी भट्टी कित्येक आठवडे बंद होती, ती आत्ता कुठे सुरू झाली आहे. यायला उशीर होईल. 'लवकरच येते गं,' असं ती म्हणाली. त्यानंतर रोज संध्याकाळी सहाला येणारा आईचा फोन आर्जवीने घेतलाच नव्हता. फोन वाजायचा तेव्हा ती उजव्या दरवाजाने गाडीत शिरून डाव्या सीटवर बसायची आणि काच वर करायची.

आजोबांनी फडताळातून तराजू आणला. आर्जवीला त्यांनी लोखंडाच्या केसासारख्या बारीक तारांचे दोन गोळे करायला लावले, अगदी सारख्या वजनाचे. एक कोरडाच डबीत ठेवला, दुसरा पाण्याने भिजवून उघड्यावर ठेवला. तो रोज भिजवायचं काम आर्जवीकडे होतं. आठवड्याभरात तो तांबूस झाला. मग उन्हात खडखडीत वाळवून, एक कणही न सांडता तो एका पारड्यात ठेवला, आणि दुसऱ्या पारड्यात कोरडा गोळा.

गंजलेलं पारडं खाली गेलं.

"पाणी राहिलं असेल," आर्जवी म्हणाली.

"एवढं वाळवूनही? नाही. हवेतला ऑक्सिजन त्यात जाऊन बसलाय, थोड्या पाण्यालाही सोबत घेऊन. लोखंड आणि ऑक्सिजन जुळले की लोखंडाचं ऑक्साइड (ऑक्सिजनशी जोडला गेलेला पदार्थ) तयार होतं. तोच गंज. लोखंड कुठे गेलेलं नसतं. त्याच्यात पाहुणे आलेले असतात, म्हणून ते जड होतं, फुगतं आणि ठिसूळ होतं."

"मग पाहुण्यांना हाकलता येईल?"

"येईल की. पण जुळणं सोपं असतं. नुसत्या दमट हवेत ते आपोआप होतं. सोडवायला मात्र जोर लावावा लागतो."

त्यांनी बोल्ट काढून बिजागरी सुटी केली. अंगणातच, मोकळ्या हवेत, प्लॅस्टिकच्या टबात पाणी भरून त्यात धुण्याचा सोडा विरघळवला. बॅटरीच्या ऋण टोकाला बिजागरी जोडली, धन टोकाला एक जुनी लोखंडी पट्टी, आणि दोन्ही एकमेकांना न टेकता पाण्यात सोडली. वीज सुरू करण्याचं काम आजोबांनी स्वतःकडेच ठेवलं.

बिजागरीवरून बारीक बुडबुडे उठू लागले.

"हा ऑक्सिजन?"

"हा हायड्रोजन, पाण्यातला. तो पेट घेतो, म्हणून हे घरात करायचं नाही. आता काय होतंय ते सांगतो. बॅटरी बिजागरीकडे इलेक्ट्रॉन (अणूतले ऋणभाराचे सूक्ष्म कण) पाठवते. ते लोखंडाला मिळाले की ऑक्सिजनवरची त्याची पकड सुटते. विजेने असे घटक वेगळे करण्याला विद्युत अपघटन म्हणतात. सगळा गंज काही पुन्हा लोखंड होत नाही. बराचसा काळी भुकटी होऊन सुटतो. पण खीळ मोकळी होईल."

"किती वेळ लागेल?"

"गंज चढायला वीस वर्षं लागली. उद्या सकाळपर्यंत थांबूया."

आर्जवी टबापाशी उकिडवी बसली. बुडबुडे एकामागून एक वर येत होते, टिचकी वाजवल्यासारखे फुटत होते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आजोबा, चंद्रावर हवा नाही. मग आई ऑक्सिजन बनवते कशातून?"

आजोबांनी टबाकडे बोट दाखवलं.

"मातीतून?" आर्जवीचा आवाज एकदम बदलला. "तिथल्या मातीतही तो असाच अडकलाय?"

"शंभर किलो मातीत चाळीसेक किलो. सिलिकॉनला, लोखंडाला, ॲल्युमिनियमला घट्ट बिलगलेला. तुझी आई ती माती भट्टीत वितळवते आणि तिच्यातून वीज सोडते. ऑक्सिजन वर येतो, धातू खाली बसतो. श्वासाला तोच, आणि परतीच्या यानाचं इंधन जाळायलाही तोच. टाक्या भरल्याशिवाय यान उडणार कसं?"

आर्जवीने गुडघ्यांत तोंड खुपसलं. "मला वाटलं, तिला यायचंच नाहीये."

आजोबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी खीळ सुटली. ब्रशने घासल्यावर काळी भुकटी निघून गेली आणि खाली करडं, स्वच्छ लोखंड दिसलं. ते लगेच पुसून, वाळवून आर्जवीने त्यावर तेलाचा हात फिरवला, नवे पाहुणे येऊ नयेत म्हणून.

संध्याकाळी सहाला फोन वाजला. तो तिने घेतला.

पडद्यावर आई दिसली. केस कापलेले, डोळ्यांखाली काळं. "आरू! बाळा, रागावलीस ना? मी लवकरच..."

"आई, आज किती ऑक्सिजन निघाला?"

चंद्रापर्यंत आवाज जाऊन उत्तर परत यायला अडीच सेकंदांहून थोडं जास्त लागतं. आर्जवीला ते पाठ होतं. पण या वेळी तेवढा वेळ उलटला, तरी आई मनगटाने डोळे पुसत होती.

"दीडशे किलो," ती म्हणाली. "आता रोज तेवढा निघतो."

"आणि अजून किती हवाय?"

"पाच हजार चारशे."

आर्जवीने ओठ हलवत भागाकार केला. "छत्तीस दिवस!"

अडीच सेकंद गेले. "छत्तीस दिवस," आई म्हणाली आणि हसली. "भट्टी नीट चालली तर. तुमचं काय चाललंय?"

"मागचं मडगार्ड सडलंय आणि तळाचा पत्रा बघायचाय," आर्जवी म्हणाली. तिने आजोबांकडे मान वळवली. "होईल ना छत्तीस दिवसांत?"

आजोबा आधीच मोठा टब शोधायला उठले होते.