जिऱ्याच्या पुड्या

खड्... खड्. दाराची कडी वाजली आणि दुपारची सामसूम मोडली.

देवश्रीनं झोपलेल्या चंचलच्या अंगावर चादर ओढली. ही एवढीच वेळ तिची असायची. लेक झोपली की वही काढायची, गोष्ट लिहायची. पण पंधरवड्यापूर्वी तिनं ती वहीच रद्दीत घातली होती, केशवरावांच्या किराणा दुकानात, पुड्या बांधायला. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. या तेलुगू मुलखातल्या आदिलाबादेत तिची मराठी गोष्ट वाचणार तरी कोण होतं?

दारात जयदीप, विजेचं मीटर वाचणारा. दर महिन्याला "ताई, मीटर!" असं गल्लीभर ओरडणारा हा माणूस आज "ता—" म्हणून थांबला, नि उरलेलं गिळून टाकलं.

"मीटर तर परवाच पाहिलं ना तुमी?"

"मीटर नाही..." त्यानं खिशातून कागदांची घडी काढली. "हे अक्षर तुमचंच ना?"

चुरगळलेली, तेलाचे डाग पडलेली... तिचीच पानं!

"तुमाला कसं कळलं?"

त्यानं दारावरच्या चिठ्ठीकडं बोट केलं. 'बेल बंद आहे. कडी वाजवा.' "असा पोट सुटलेला 'ड' साऱ्या गावात कोणी काढत नाही."

"अगंबाई!"

"जिऱ्याच्या पुडीचं पान होतं. तुमच्या गोष्टीतली मयूरी बसस्टँडवर उभी, बस आलेली... नि पान खतम! मंग रोज जिरं घेऊन राह्यलो, पुढचं पान मिळन म्हणून. घरी एवढं जिरं झालं, माय म्हणते, दुकान टाकतं का रे?"

देवश्री खुदकन हसली. मग आपल्याच हसण्यानं दचकली. किती दिवसांनी...

"बसा. चहा ठेवते."

चहा येईपर्यंत त्यानं पानं बाजेवर ओळीनं मांडून ठेवली होती, डाग पडलेलं पानही अगदी अलगद.

"आता सांगा. चढली का मयूरी बसमध्ये?"

"ते लिहिलंच नाही."

"काऊन?"

"कोणासाठी लिहू?"

जयदीपनं कप उचलला, तसाच खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. "माझ्यासाठी लिहा ना... म्हणजे... मीटर महिन्यातून एकदाच असते. गोष्ट मात्र रोज थोडी थोडी—"

"रोज येसान? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, यांचं मीटर लय जोरात पळून राह्यलं."

तिनं पदरानं तोंड दाबलं, तरी हसू डोळ्यांतून सांडलंच.

"रविवारी या," ती एकदम बोलून गेली. "तुमच्या आईला घेऊन. आणि... जिरं आणा. आमचं संपलं."

तो गेला तो दोनदा मागं वळून पाहत. देवश्रीनं शेवटचं पान उलटं केलं, कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं. 'मयूरीनं बसच्या दांड्याला हात घातला—' पेन नुसतं धावत सुटलं! दुसरी ओळ, तिसरी, चौथी...

"आई..." चंचल उठून बसली होती, साय धरलेल्या दोन कपांकडं पाहत. "मी तर कधीची जागी आहे. काका चहा प्यायले नाही. तूपण नाही प्यायली. मंग इतका वेळ तुमी दोघं काय करून राह्यले होते?"

देवश्रीचं पेन हवेतच राहिलं.