वर राहिलेला हात

टाय लावून समुद्राकाठी दोन वर्षं काढायची आणि पायाचा अंगठाही पाण्यात बुडवायचा नाही, टोंगाच्या पोराला यापेक्षा मोठी शिक्षा दुसरी नाही. मी ती भोगली आहे. मिशनवर असताना आम्हाला पोहायची बंदी. का, ते कुणी धड सांगत नसे. म्हातारे म्हणत, पाण्यावर त्या दुसऱ्याची, सैतानाची सत्ता असते. आम्ही तोंडावर हात धरून हसायचो. आता मी हसत नाही. दिवा असू द्या तसाच, सांगतो.

मला हापाईतल्या एका चिमुकल्या बेटावर धाडलं होतं. जोडीला एल्डर ब्रिंकरहॉफ; मिशनवरच्या प्रत्येक पोराला एल्डरच म्हणतात. अमेरिकेतल्या आयडाहोच्या बटाट्याच्या शेतातला उंच, चष्मेवाला पोरगा, माझ्याच वयाचा. आम्हा मॉर्मन मिशनऱ्यांनी एकटं राहायचं नसतं, जोडीदार कायम नजरेच्या टप्प्यात हवा. साडेसहाला उठायचं, ग्रंथ वाचायचा, छातीवर नावाची पट्टी लावायची आणि घरोघर हिंडायचं. कुणी कुत्रं सोडायचं, कुणी जेवू घालायचं. बहुतेक जण जेवूच घालायचे. "घे की रे अजून, लाजतोस काय नवरीसारखा?" असं म्हणत बायका ब्रिंकरहॉफच्या पानात रताळी वाढत, आणि तो बिचारा माझ्याकडे बघे. मी मुद्दाम दुसरीकडे बघायचो.

लोसालिनेच्या घरी मात्र अशी थट्टा चालायची नाही. ती चटया विणून पोट भरायची. नवरा न्यूझीलंडच्या फळबागांत कामाला गेला तो तिकडचाच झाला. एकुलता एक मुलगा होता, पोआसी. दोन वर्षांपूर्वी भरतीच्या वेळी खाडीत उतरला, तो परत आला नाही. सापडलाही नाही. आम्ही आठवडेच्या आठवडे तिच्याकडे जात होतो आणि दर वेळी ती एकच विचारायची.

"माझा पोरगा मला परत मिळेल का, तेवढं सांगा. बाकी तुम्ही म्हणाल ते मानते."

"मिळेल," ब्रिंकरहॉफ म्हणाला. "आधी तुम्ही बाप्तिस्मा घ्या. मग वर्षभरानं राजधानीत आमच्या टेम्पलमध्ये आई आणि मूल कायमचे एकमेकांशी बांधले जातात. फक्त... त्याचं वय काय होतं?"

"नऊ."

आठच्या आतलं लेकरू निष्पाप असतं, त्याला बाप्तिस्मा लागत नाही. त्यापुढं लागतो. आणि मेलेल्याचा असेल तर तो फक्त टेम्पलमध्ये होतो, त्याच्या जागी जिवंत माणसाला पाण्यात उतरवून. ब्रिंकरहॉफनं अडखळत हे सगळं तिला समजावलं.

"म्हणजे समुद्रानं त्याला आणखी आधी न्यायला हवं होतं," ती म्हणाली. तिनं विणायची पाती उचलली. "चुकलंच की समुद्राचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाप्तिस्मा खाडीतच, पोआसी गेला त्याच जागी घेणार, असा तिनं हट्टच धरला. बेटावरच्या आमच्या मूठभर लोकांत सगळ्यात म्हातारे सालेसीकाका, जन्मभर मासेमारी केलेला माणूस. ते ऐकूनच वैतागले.

"पलीकडच्या बेटावर चर्चचा हौद आहे ना बांधलेला? तिथं न्या तिला. ते पाणी मला आवडत नाही."

"जन्म गेला तुमचा पाण्यात जाळं टाकण्यात," मी म्हणालो, "आणि म्हणे पाणी आवडत नाही!"

"म्हणूनच म्हणतोय, शहाण्या."

शनिवारी दुपारी, भरती पुरी आल्यावर आम्ही उतरलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत. आमच्यात माणूस पूर्ण बुडावा लागतो. केसाची बट, बोट, झग्याचा काठ, काहीही वर तरंगलं तरी पहिल्यापासून परत करायचं. त्यावर लक्ष ठेवायला दोन साक्षीदार असतात. ते होते काठावर सालेसीकाका आणि पाण्यात ब्रिंकरहॉफ. कमरेएवढं पाणी, कोमट. लाट नाही, वारा नाही, पाखराचा आवाज नाही. फक्त कुजक्या शेवाळाचा वास. मी लोसालिनेचं उजवं मनगट धरलं, डाव्या हातानं तिनं माझा दंड पकडला. मी तिचं पूर्ण नाव घेतलं, शब्द म्हटले, तिला मागं झुकवून बुडवलं आणि वर काढलं.

"परत," काठावरून सालेसीकाका म्हणाले. "हात वर राहिला."

"कुणाचा? हिचे दोन्ही हात माझ्याजवळ आहेत!"

ब्रिंकरहॉफनं चष्मा काढला होता आणि तो ओल्याच सदऱ्यानं पुसत होता.

दुसऱ्यांदा ती मला जड लागली. चांगलीच जड.

"परत तोच..." सालेसीकाका म्हणाले. "तिच्या खांद्यामागं. लहानसा आहे..."

माझी पाचावर धारण बसली. पण लोसालिने? तिच्या चेहऱ्यावर मी कधी नव्हे तो आनंद पाहिला. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"एल्डर, त्याचंही नाव घ्या. आलाय तो..."

"इथं नाही घेता येत, लोसालिने. टेम्पलमध्येच..."

"नुसतं नाव हो. पाया पडते तुमच्या."

मी नाही घेतलं. तसा नियमच नाही. तिसऱ्यांदा तिला बुडवलं आणि खालून ओढ लागली. आईनं बाजारात कुणाशी बोलत थांबावं आणि पोरानं चल, चल म्हणून पदर ओढावा, तशी. मी जीव खाऊन तिला वर खेचलं.

"झालं," सालेसीकाका म्हणाले. "सगळं आत गेलं." आणि ते तिथंच वाळूत खाली बसले.

ती खोकत उभी राहिली. "तुम्ही ओढलंत आणि माझा हात सुटला," ती म्हणाली. "त्यानं घट्ट धरला होता हो... माझाच सुटला." मग ती अशी रडली की ब्रिंकरहॉफही रडायला लागला.

पुढच्या वर्षी माझं मिशन संपलं आणि मी राजधानीत, घरी आलो. काही महिन्यांनी लोसालिनेचा निरोप आला. पोआसीच्या जागी पाण्यात तुम्हीच उभे राहा. नाही कसं म्हणणार? ती बोटीनं आली, मी तिला टेम्पलमध्ये घेऊन गेलो.

तिथला हौद म्हणजे पांढऱ्या फरश्या, लख्ख दिवे, तळ दिसेल असं स्वच्छ पाणी. तिथं भ्यायचं काय, असं मी मनाला बजावलं. लोसालिने वर बाकावर बसली, हौदापासून चांगली लांब. बाप्तिस्मा देणाऱ्या म्हाताऱ्यानं पोआसीचं नाव घेतलं आणि मला बुडवलं.

पाण्याखाली कुणीतरी माझं मनगट पकडलं. वरच्या बाजूनं. बोटं खरखरीत होती, पाती विणून विणून होतात तशी.

"परत करा," साक्षीला बसलेली आजीबाई म्हणाली. "हात वर राहिला."

"माझा?" मी विचारलं.

"नाही..." ती म्हणाली. "बाईचा."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. "आज राहू दे," म्हातारा पुटपुटला. तो उद्या अजून उजाडायचा आहे. पोआसीचा बाप्तिस्मा काही झालाच नाही.

मी वर पाहिलं. लोसालिने जागची हललेली नव्हती, पण तिची उजवी बाही कोपरापर्यंत भिजली होती. बोटांवरून पाणी फरशीवर टपकत होतं, आणि त्या स्वच्छ जागेत शेवाळाचा वास सुटला होता.

"चला, एल्डर," ती म्हणाली. आवाज कसा अगदी निवांत. "पोराला भूक लागली असेल."

मी कपडे बदलून, टॉवेल खांद्यावर टाकून तिला धक्क्यावर पोचवायला गेलो. ती नेहमीपेक्षा सावकाश चालत होती, लहान लहान पावलं टाकत. तिकिटाच्या खिडकीत एक मुलगी काहीतरी चघळत बसली होती.

"हापाई," लोसालिने म्हणाली. "एक पूर्ण, एक अर्धं."

बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं मला वाटलं. सावरून घ्यावं म्हणून मी पुढं झालो. तेवढ्यात ती मुलगी खिडकीतून बाहेर वाकली आणि तिनं लोसालिनेच्या बाजूला, खाली पाहिलं.

"अर्धं देते, मावशी. पण आधी त्याला पुसा बघू. बोटीतली सगळी बाकडी ओली करून ठेवेल."

लोसालिनेनं टॉवेलसाठी माझ्यापुढं डावा हात केला. उजवा मोकळा नव्हता.

मी टॉवेल दिला.