रंगुबाईला सांगावा

गोरक्ष धनगर त्या दिशी निस्तं घोंगडं द्यायला निघाला हुता. तेवढंच काम. मयताच्या घरी बाई एकली बसलीया, थंडीचं दिस, तिच्या अंगावर काय तरी पडावं म्हनून. मानूस बेरकी, पन काळजानं वंगाळ न्हवता. आता तुमी हसाल, म्हनाल धनगराला काळीज कुठलं? हसा. शेवटाला बघू, कोन हसतंय त्ये.

मोठी लढाई संपली त्या सालाची गोष्ट. पाथर्डीच्या अंगाला, कुसळाच्या माळावर दगडाची एक खोली हुती. तिथं एलिया ऱ्हायचा. नगरला मिशनच्या शाळेत शिकला, मुंबईला जाऊन जनावरांची विद्या शिकला, अन् एवढं शिकून करायचं काय, तर लांडगं बघायचं! लोक त्याला लांडगेसायेब म्हनायची. घरात म्हनून निजायचा न्हाई गडी, पावसात बी भायेर. टिटवीची अंडी दिसली की भोवतीनं दगडं मांडायचा, मेंढराचा पाय पडू नये म्हनून.

गोरक्ष त्याला डिवचायचा, "सायेब, बायकू केली आसती तर पाखरांची अंडी राखावी लागली न्हसती."

"तुझी सासू बघितली अन् लग्नाचं मनच उडालं बघ," एलिया म्हनायचा.

गोरक्षच्या सासूचं नाव रंगुबाई. एलियानं माळावरच्या म्हाताऱ्या लांडगिनीचं नाव बी रंगुबाईच ठिवलं. दोघं पोट धरधरून हसायची.

रोज दिवेलागनीला एलिया दारात बसायचा, रिकाम्या मातीच्या घागरीत त्वांड घालायचा अन् लांडग्यावानी हेल काढायचा. समूरच्या टेकाडामागनं रंगुबाई जवाब द्यायची. निस्त्या आवाजावरनं त्याला कळायचं, म्हातारी उपाशी हाय का पोटुशी.

मग त्याच्या छातीनं दगा दिला. मुंबईला दवाखान्यात पडून ऱ्हायला. हिकडं रंगुबाईनं गोरक्षची कोकरं उचलली. तवा गोरक्षनं त्याच्या बापजाद्यांनी केलं त्येच केलं. ती पिल्लांपाशी बिळात आसताना तोंडाशी ओल्या पाल्याचा धूर घातला, अन् वरनं दगूड लोटला. आतनं खोकल्याचा आवाज यीत ऱ्हायला, लई येळ. मानसावानी. मग गप झालं.

एलिया परत आला त्यो निस्ता सापळा. दारात बसला, हेल काढला. जवाब न्हाई. दुसऱ्या सांजंला न्हाई, तिसऱ्या न्हाई. त्यानं भाकरी सोडली. "गोरक्षा," म्हनला, "माळ मेला रं."

गोरक्षला काय त्ये बघवंना. त्यो टेकाडामागं गेला, तोंडाला हाताची ओंजळ लावली, अन् जवाब दिला. खाली एलिया पोरावानी रडला. त्या दिशी दूधभाकरी खाल्ली त्यानं. मग काय, रोजचंच झालं. गोरक्षचा पुढचा दात पडल्याला, त्येच्यामुळं हेल शेवटाला फाटायचा. एलिया म्हनायचा, "रंगुबाई आता लईच म्हातारी झाली."

ह्या लबाडीवर त्यो हिवाळ्यापस्तोर तगला. अन् मग गेला.

तर गोरक्ष घोंगडं घिऊन आला तवा एलियाची भन, लिडियाबाई, दारात बसल्याली. नगरला नर्स हुती ती. मांडीवर त्याची घागर.

"बरं झालं आलात, गोरक्षभाऊ," ती म्हनली. "जाताना तो एकच बोलला. रंगुबाईला सांग, मी गेलो म्हणून. नाहीतर ती रोज हाका मारत बसेल."

गोरक्षनं घोंगडं तिच्या म्होरं ठिवलं. "बाई, जनावर त्ये... त्याला काय सांगायचं?"

"मी त्याला जन्मभर वेडा म्हणत आले हो. आई गेली तेव्हासुद्धा हा इथंच बसलेला. म्हणायचा, इथं मला कुणीतरी ओ देतं. ती ओ मला एकदा ऐकू येऊ दे. नाही आली, तर माझा भाऊ वेडाच होता असं समजेन, अन् जाईन."

गोरक्ष उठला. "मी जरा मेंढरं बघून येतो. तवर तुमी काढा हेल." मनात म्हनला, टेकाडामागं जातो, शेवटचा जवाब देतो, अन् सुटतो.

"मला कुठं येतो? कालपासून तोंड घालतेय, खोकलाच येतो नुसता. तुम्हीच काढा."

घावला का न्हाई गडी! हाक देनारा त्योच, अन् ओ देनारा बी त्योच. एका तोंडानं दोन जागी कसं वरडायचं?

त्यानं घागर घेतली. आत अजून एलियाच्या औषधाचा वास हुता. डोळं मिटलं अन् हेल काढला.

आवाज माळावरनं गेला... अन् बुडाला. वारा पडला. कुसळ हलंना. रातकिडं बी गप. लिडियाबाई टेकाडाकडं बघत हुती. बघता बघता तिचं त्वांड उतरलं.

"नाही ना?" ती हळूच म्हनली. "वेडाच होता बिचारा."

गोरक्षला ऱ्हावलं न्हाई. "बाई, त्येचं काय झालं... मी..."

अन् टेकाडामागनं जवाब आला.

लांब, बारीक. अन् शेवटाला फाटल्याला.

लिडियाबाईनं तोंडावर हात ठिवला. मग घागर वढून घेतली, त्यात त्वांड घातलं अन् रडत, हसत म्हनली, "रंगुबाई... आमचा एलिया गेला गं... त्याची वाट नको बघूस."

गोरक्ष दोन पावलं मागं सरला. त्याला ठावं हुतं, ती रंगुबाई न्हवं. त्यो आवाज त्याचा सवताचा हुता.

"बाई, घरात जावा. कडी लावा."

"आता कसली कडी, भाऊ? आता मी सुखानं जाईन."

त्यो तसाच मेंढरांकडं पळाला. उजेड जरासा ऱ्हायल्याला. त्याचा कुत्रा काजळ्या टेकाडाकडं त्वांड करून उभा, शेपूट हालवत. गोरक्षचा पाय वाजला तसा फिरला. मानंवरचं केस उभं. दात भायेर.

"आरं... मी हाय."

काजळ्या गुरगुरला. मागं सारी मेंढरं एका ढिगात दाटली, एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून. गोरक्ष एक पाऊल म्होरं आला, तर ढीग मागं सरला.

तवा टेकाडामागनं कुनीतरी हाळी दिली. "हुर्रर्र... या गं... या..." रोज गोरक्ष द्यायचा तशी. त्याच मायेनं.

मेंढरं उठली. कोकरं उड्या मारत निघाली. म्होरं काजळ्या. हां हां म्हनता मेंढरांचं सारं खांड टेकाड वलांडून गेलं. गोरक्ष मागनं पळाला, पडला, बोंबलला. एक मेंढरू वळलं न्हाई. मग त्यो उलटा फिरला, अन् अंधारातनं खोलीकडं धावला. "बाई! बाई, मी गोरक्ष! दार उघडा!"

लिडियाबाई दारात आली. हातातला कंदील तिनं वर धरला, हिकडं बघितलं, तिकडं बघितलं, पन समूरचा गोरक्ष तिला दिसलाच न्हाई. डोळं पान्यानं भरल्यालं.

"अगं बाई..." ती म्हनली, "किती जवळ आलीस गं..."