‘य’पासून पुढचे शब्द

"भंगाराचा टेम्पो आज संध्याकाळीच येणार आहे," अश्लेषा सायकल भिंतीला टेकवत म्हणाली. "त्याच्या आत त्या कॉम्प्युटरमधलं सगळं बाहेर निघालं पाहिजे. आजची पाणचक्कीची सहल रद्द."

सहल रद्द म्हटल्यावर हिमांशूचं तोंड एवढंसं झालं. तो अश्लेषाचा धाकटा भाऊ, पाचवीतला. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला दिवस, आणि लासूर स्टेशनहून मावसभाऊ शंतनू खास सायकल फिरवायला आलेला. पण प्रश्न सायलीचा होता, त्यामुळं सगळे लगेच तयार झाले.

सायली त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहायची, अश्लेषाबरोबर आठवीत. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, आणि शब्दांचं वेड असं की भांडतानासुद्धा नेमका शब्द सापडेपर्यंत समोरच्याला थांबवून धरायची! समर्थनगरातल्या ब्रेल वाचनालयात केशवकाकांनी केलेला मराठी शब्दकोश होता. ठिपक्यांचे जाडजूड खंड सायलीनं बोटांनी वाचून वाचून गुळगुळीत केले होते. पण कोश ‘म’शी थांबायचा.

"फोन वाचून दाखवतो की," हिमांशू म्हणाला होता एकदा.

"फोन बोलतो. शब्द लिहायचा कसा ते बोटांना कळतं," सायलीनं त्याला झापलं होतं. "मला ‘म’पर्यंतच हुशार राहायचं नाहीये."

पुढचे खंड नव्हते असं नाही. निवृत्त मास्तर केशवकाकांनी रोज दुपारी येऊन, वर्षानुवर्षं टाइप करून, ‘य’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळं वाचनालयाच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये तयार ठेवलं होतं. फक्त ठिपके छापायचं यंत्र मोडलं होतं. यंदा दसऱ्याला नवं यंत्र आलं, नवा कॉम्प्युटर आला, आणि नेमकी तेव्हाच जुन्याची फ्लॉपीची खाच बिघडली, म्हणजे फायली चकतीवर घालून बाहेर न्यायची वाटच बंद झाली. वाचनालयाचे अध्यक्ष काकासाहेब चारचौघांत केशवकाकांना म्हणाले, तुमच्या हाताखालचं मशीन, तुम्हीच बिघडवलं. काका तडक घरी गेले, ते परत आलेच नाहीत. नवं मशीन बसवणाऱ्यानं सांगितलं की नव्याला फ्लॉपीची खाचच नसते, तेव्हा जुनं विसरा. काकासाहेब लगेच विसरले. पुन्हा टाइप करून घेऊ, म्हणाले. जसं काही ते त्यांनाच करायचं होतं!

चौघं वाचनालयात पोहोचले तेव्हा काकासाहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून टेम्पोची वाट बघत होते. जुना कॉम्प्युटर आत कोपऱ्यात, भंगाराच्या ढिगाशेजारी. अश्लेषानं आधी फ्लॉपीच्या खाचेत टॉर्च मारला.

"ह्यानं भात खाल्लाय," हिमांशू वाकून म्हणाला.

खरंच की! आत कुंकवानं गुलाबी झालेले तांदळाचे दाणे अडकले होते. अश्लेषानं चिमट्यानं दोन बाहेर काढले आणि सायलीच्या तळहातावर ठेवले.

"अक्षता," सायली लगेच म्हणाली. "खंडेनवमीला मशीनची पूजा केली ना, मी प्रसादाला आले होते. काकासाहेबांनी मुठीनं उधळल्या. माझ्या केसांतसुद्धा आल्या."

हिमांशू निघालाच होता व्हरांड्यात जाब विचारायला. अश्लेषानं त्याची कॉलर धरली. आता भांडत बसलो तर टेम्पो येईल, आधी शब्द, मग काकासाहेब, असं तिनं ठरवून टाकलं. पण शब्द काढायचे कसे? दाणे काढले तरी खाच आतून घासून घासून कामातून गेली होती. पेन ड्राइव्ह लावायला त्या म्हाताऱ्या डब्याला जागाच नव्हती.

शंतनू एवढा वेळ मशीनच्या मागं डोकं घालून बसला होता. तो एकदम हसला.

"अरे, हे तर आमच्या काट्याचं हाय!"

शंतनूचे वडील लासूरच्या बाजारात वजनकाटे दुरुस्त करायचे. गाडी काट्यावर चढली की वजन वायरीतून कॉम्प्युटरात जातं, आणि ती वायर बसते ती असल्याच नऊ टाचण्यांच्या सॉकेटात. वाचनालयाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला तसंच सॉकेट होतं. तो काही तरणाबांड नव्हता, पण पेन ड्राइव्ह घ्यायचा.

"फ्लॉपी कशाला पाह्यजे? वायरीनं बोलायला लावू दोघांना," शंतनू म्हणाला. "फायली धाडायचा प्रोग्राम दोघांतबी असतो. वायर तेवढी नाय."

वायर भंगारात सापडली. पोटात गोळी असलेले दोन जुने माउस निघाले, दोघांच्या शेपटाला नऊ भोकांची गुंडी. शंतनूनं शेपट्या कापल्या. कुठली तार कुठल्या भोकाची हे ओळखायला टॉर्चचा सेल आणि बल्ब कामाला लावला. गुंडी सायलीच्या हातात. ती बोटानं भोकं मोजायची, हे दुसरं, हे तिसरं, म्हणत टाचणी खुपसायची. बल्ब लागला की अश्लेषा त्या तारेवर खूण करायची. मग सारख्या खुणांच्या तारा एकमेकींना पिळून, वर चिकटपट्टी मारून वायर तयार झाली.

दोन्हीकडं वेग सारखा ठेवला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

शंतनूनं कपाळावर हात मारला. "एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडाला लावलंय आपण. दोघंबी बोलतेत, ऐकतंय कोण? तोंड कानाला पाह्यजे." त्यानं दोन तारांची अदलाबदल केली, आणि ऑफिसच्या पडद्यावर एक बारीक रेघ सरकायला लागली. लई हळू, पण सरकत होती!

तेवढ्यात टेम्पोचा हॉर्न वाजला.

"हिमांशू, जा," अश्लेषा कुजबुजली. "हे वाचनालय कसं सुरू झालं ते काकासाहेबांना विचार."

हिमांशूनं असा काही भोळा चेहरा करून विचारलं की काकासाहेब खुर्चीत सावरून बसले. टेम्पोवाल्या पुंजारामलाही त्यांनी चहा मागवून समोर बसवलं, कारण ऐकणारा एक असण्यापेक्षा दोन बरे. पुंजाराम दोनदा उठला, दोनदा त्यांनी त्याला बसवलं. गोष्ट पहिल्या कपाटापर्यंत पोहोचली तेव्हा आतली रेघ संपली होती.

अश्लेषानं फाइल उघडली आणि तिचा चेहरा पडला. पडद्यावर नुसता कचरा होता. इंग्रजी अक्षरं, मध्येच स्वल्पविराम, कंस, आकडे, कशाचा कशाला मेळ नाही.

"सगळं वाया गेलं," ती म्हणाली. तिला रडूच आलं. शंतनू मान खाली घालून वायर चाचपत राहिला.

"काय दिसतंय ते वाच," सायली म्हणाली. अश्लेषानं नाक ओढत ओढत एक ओळ वाचली. सायलीच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"तुम्हाला वाचता येईल असं कशाला असेल ते? केशवकाकांनी तुमच्यासाठी टाइप केलंच नव्हतं. ते ठिपके आहेत, कॉम्प्युटर ते असल्या अक्षरांत लिहून ठेवतो. छापा!"

फाइल पेन ड्राइव्हवर बसून नव्या कॉम्प्युटरला गेली. यंत्र खडखडलं, जाड कागद बाहेर आला. सायलीनं त्यावर बोटं ठेवली.

"यंत्र," ती वाचू लागली. "काम सोपं करणारं साधन. यंत्रणा. यकृत." तिची बोटं भराभर पुढच्या ओळींवरून फिरली. "अशे, सगळं आलंय गं."

आवाज ऐकून काकासाहेब आत आले, मागं पुंजाराम. हे काय चाललंय, म्हणून ते ओरडणार, एवढ्यात अश्लेषानं हात पुढं केला. हातावर गुलाबी दाणे.

"काकासाहेब, हे फ्लॉपीच्या खाचेत होते. खंडेनवमीचे."

काकासाहेब दाण्यांकडं बघत राहिले. मग छापलेल्या कागदाकडं, मग सायलीकडं. माणूस बडबड्या होता, पण खोटा नव्हता. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. "केशवराव, मशीन तुम्ही बिघडवलं नव्हतं. माझ्याच अक्षता होत्या. मी सगळ्यांसमोर बोललो, आता सगळ्यांसमोर माफी मागतो. पण आधी या, पोरांनी तुमचा कोश वाचवलाय." पुंजारामला त्यांनी रिकामंच परत पाठवलं, दोन चहा पाजून.

केशवकाका आले ते घरातल्याच सदऱ्यावर. यंत्र खडखडत होतं, पानांची चळत वाढत होती. त्यांनी वरचं पान उचललं आणि तसंच धरून ठेवलं. मग शंतनूच्या पाठीवर हात ठेवला, अश्लेषाच्या डोक्यावर ठेवला, पण बोलता काही येईना.

ती कसर काकासाहेबांनी भरून काढायचं ठरवलं. घसा खाकरून ते म्हणाले, "बाळांनो, आज तुम्ही या वाचनालयाची लाज राखलीत. या सोनेरी क्षणी मला सांगावंसं वाटतं..."

"काकासाहेब, जरा हळू बोला ना," सायली मान वर न करता म्हणाली. "मी ‘र’वर आलेय."

काकासाहेबांनी भाषण तिथंच सोडलं. छापून आलेली पुढची पानं त्यांनी स्वतः उचलली आणि आवाज न करता तिच्या पुढ्यात नेऊन ठेवली.