आप्पांचा सा

पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात उल्कानं काउंटरवर बोट आपटलं. "काका, आठ बिटवाली डॅक चिप द्या. सिंथेसायझरला लावायचीय."

"आठ बिट? सूर सरकणार नाही, पायऱ्या चढेल," शेजारचा पोरगा म्हणाला.

"तुला विचारलं?"

"नाही. पुण्यात सल्ला न विचारताच मिळतो."

ती भडकून वळली... आणि बघतच राहिली. नाकावर काजळीचा ठिपका, डोळ्यांत हसू. अभय. बिबवेवाडीत कीबोर्ड दुरुस्त करायचा.

चिप आकड्याचं व्होल्टेज करते, व्होल्टेजवर सूर चढतो-उतरतो. बिट जास्त, तितक्या पायऱ्या बारीक. तिला माहीत होतं सगळं. पण दुकानातली शेवटची सोळा बिटवाली त्याच्याच मुठीत होती.

"सूर एवढा बारीक सरकवायचा, एवढी मींड कुणासाठी?" त्यानं विचारलं.

"आप्पांसाठी, माझ्या वडिलांसाठी. जयंतीच्या कार्यक्रमात गायचे ते. शुक्रवारी ऑपरेशन... कॅन्सर. स्वरयंत्रच काढणारेत." ती भराभर बोलली. "पट्टीवर बोट सरकवलं की गाणारी पेटी बनवतेय. दया नकोय. चिप दे."

"देतो. पण जोडायला मी पण."

तीन दिवस दोघं त्याच्या टेबलावर वाकलेले.

"टाका चुकला तुझा."

"इतक्या जवळून बघू नकोस मग."

"चिपकडे बघतोय."

"चिप खाली आहे, अभय..."

गुरुवारी वॉर्डात आप्पांनी पट्टीवर बोट सरकवलं. टक्, टक्, टक् — सूर उड्या मारत गेला. आप्पांनी मान हलवली. "माझा सा जरा खाली असतो गं," ते घोगरं बोलले. "ही पेटी मला तिथं थांबूच देत नाही."

उल्कानं अभयला बाहेर ओढलं. लॅपटॉप उघडला. प्रोग्राममधली एक ओळ प्रत्येक सूर ओढून कीबोर्डच्या साठ सुरांपैकी जवळच्या सुरावर बसवत होती.

"सवयीनं लिहिली..." त्याचा चेहरा उतरला.

"पासष्ट हजार पायऱ्या होत्या, अन् साठच वापरल्यास? उद्या आवाज जाणारे त्यांचा! उद्या!"

उभ्याउभ्या त्यानं ओळ खोडली.  तिनं लॅपटॉप हातांवर तोलून धरला.

भेटायची वेळ संपायला दहा मिनिटं. आप्पांनी बोट सरकवलं, सा लागला — जरासा खाली, त्यांचाच. उरलासुरला आवाज त्यांनी त्यात मिसळला. गाण्याच्या दोन ओळी झाल्या, मग खोकला... टॉवेलवर रक्त.

ऑपरेशननंतर नऊ दिवसांनी दोघं वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते.

"चिप परत हवी असेल ना तुला?"

"चिप राहू दे. मला येत जाऊ दे."

"विचारतोस काय? रोज तर येतोस!" ती चिडली, कारण रडायचं नव्हतं. आप्पांच्या तोंडून आपलं नाव आता कधीच ऐकू येणार नव्हतं.

तेवढ्यात आतून पेटीचे दोन सूर आले. एक वर, दुसरा घरंगळत खाली. आप्पा दारातून हाक मारायचे अगदी तसे — उल्केऽऽ.

ती उठली. दाराशी थांबली. न बघताच तिनं हात मागं केला.

"चल ना... एकटीला नाही जमत."

त्यानं तो धरला.